साडूची रेघ

देवाने माणसाला भाऊ दिला, व्याही दिला, आणि एवढं देऊनही त्याचा ताठा उतरत नाही असं पाहिलं तेव्हा साडू दिला. मला मिळालेला साडू रंगारी आहे. मी सुतार. थोरली बहीण त्यांच्या घरात, धाकटी माझ्या, त्यामुळे मान त्यांचा मोठा. तो मान ते गेली अठ्ठावीस वर्षं माझ्याकडून रोजच्या रोज वसूल करतात, तेही ‘तुम्ही’ म्हणून. एखाद्याची शिवी परवडली, पण साडूचं ‘तुम्ही’ नको.

आम्ही दोघं एकाच शेडमध्ये काम करतो. आगगाडीचे जुने लाकडी प्रवासी डबे तिथे येतात. येतात म्हणजे आणावे लागतात. कुठे त्यात गवत भरलेलं असतं, कुठे कुणी दुकान थाटलेलं असतं. आम्ही ते सोडवतो, कुजलेलं लाकूड काढतो, जेवढं धड आहे तेवढं जीव लावून ठेवतो, आणि डबा पुन्हा माणसं बसण्याजोगा करून संग्रहालयाच्या छोट्या रुळावर सोडतो. आमच्यातलं भांडण ठरलेलं आहे. मी सांधा असा बसवतो की त्यात कागद जाऊ नये, आणि साडूभाऊ त्यावर लांबीचा लगदा भरून, घासून, सात हात रंग देऊन तो सांधा जगाच्या नजरेआड करतात.

“माझं काम तुमच्या रंगाखाली मरतं,” मी म्हणतो.

“मरत नाही, झाकलं जातं. कपडे घातले म्हणून तुम्ही मेलात का? आणि न घालता फिरलात तर बघवेल का कुणाला?”



आत्ताचा डबा आम्हाला सापडला तेव्हा त्यात कोंबड्या होत्या. अठ्ठावन्न फूट लांब, सहा खणांचा, सगळा सागवानी, आणि प्रत्येक बाकड्यावर एकेक कुटुंब अंडी घालून बसलेलं. मालक भला माणूस. म्हणाला, डबा न्या, पण माझ्या कोंबड्यांना घर बांधून द्या. खुराडं मी बांधलं. साडूभाऊंनी ते रंगवलं, आणि राहवेना म्हणून वर एक सोनेरी रेघही ओढून दिली. आमचा फिटर अजून सांगतो, “त्या कोंबड्या तिसऱ्या वर्गातून निघाल्या आणि पहिल्या वर्गात जाऊन बसल्या.”

डबा शेडमध्ये आल्यावर साडूभाऊंनी बाहेरच्या अंगाला, दाराशेजारच्या कोपऱ्यात पोस्टकार्डाएवढी जागा निवडली. तिथे ते एकेक थर पायरीपायरीने खरवडत खाली उतरले. ही त्यांची पद्धत. सर्वांत वर कोंबडीवाल्याचा हिरवा, त्याखाली करडा, मग पिवळट, मग आणखी दोन करडे, असे करत करत नऊ थर. तळाला किरमिजी रंग लागला, आणि त्यावर, खिडक्यांच्या खाली, करंगळीच्या नखाएवढी रुंद सोनेरी रेघ. लांब पायऱ्या उतरून गाभाऱ्यात पोचलेला माणूस जसा गप्प होतो तसे ते तिथे उकिडवे बसून राहिले. मग भिंगातून बघून म्हणाले, “हाताने ओढलीय. ब्रश उचलून परत टेकवल्याची खूण दिसते बघा. कोण होता कोण जाणे, पण होता माझ्यातला.”

तीन वर्षं गेली त्या डब्यात. मी चौतीस फळ्या बदलल्या आणि दीडशेच्या वर वाचवल्या. साडूभाऊंनी किरमिजी रंग असा चढवला की त्यात स्वतःचं तोंड बघून भांग पाडता यावा. आता फक्त सोनेरी रेघ राहिली होती, दोन्ही बाजूंना एकेक. ती हाताने ओढणारा आमच्या माहितीत तरी दुसरा कुणी उरलेला नाही. आणि साडूभाऊ ती काही ओढेनात.

एक दिवस म्हणाले, हवेत ओल आहे. एक दिवस म्हणाले, धूळ आहे. एकदा तर म्हणाले, ब्रश रुसलाय.

“ब्रश रुसतो?”

“तुमच्या रंध्याला मन नसेल, साडूभाऊ. खारीच्या शेपटीच्या केसांचा ब्रश आहे हा. खारीचा स्वभाव त्यात येणारच.”

मी हसलो. मला कळायला हवं होतं, पण सुताराचं डोकं.

कळलं ते एका रविवारी. आम्ही त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. दारातून आत शिरताना पाहिलं, तर ताई, म्हणजे बायकोची थोरली बहीण, साडूभाऊंच्या शर्टाची बटणं लावत होत्या. मी म्हटलं, “वा, या वयात!” ताई हसल्या नाहीत. जेवताना साडूभाऊ डाव्या हाताने चमचा धरून जेवले, आणि उजवा हात मांडीखाली घालून त्यावर बसले होते. घरी येताना बायकोने रस्त्यातच मला थांबवलं.

“भाऊजींचा उजवा हात हिवाळ्यापासून कापतोय. ताईने कुण्णाला सांगू नको म्हटलंय, म्हणून तुम्हाला सांगते.”

“मग मी कोण?”

“तुम्ही नवरा. नवऱ्याला सांगितलेलं धरत नाहीत.” मग तिचा आवाज उतरला. “ताईला भीती वाटते हो. ते म्हणालेत, ही रेघ हातून झाली नाही तर ब्रश धुऊन ठेवून देईन. आणि मग काय, घरात नुसते बसतील. ताईचे सासरे असेच बसले होते. एक खुर्ची, एक खिडकी, आणि दोन वर्षांत गेले. भाऊजींना कळता कामा नये की तुम्हाला कळलंय, सांगून ठेवते.”

त्या आठवड्यातच शेडच्या बाई आल्या. बाई म्हणजे आमच्या प्रमुख. शिकलेल्या इंजिनियर, पण चाकाखाली झोपून तेलाचे हात करून घ्यायला मागेपुढे न पाहणाऱ्या. सगळ्यांना उभं करून म्हणाल्या, “सोमवारी डबा बाहेर काढतोय. शुक्रवारपर्यंत रेघ झाली नाही तर सोनेरी चिकटपट्टी लावून घेऊ. मागवून ठेवलीय. नाइलाज आहे.”

मी साडूभाऊंकडे बघितलं. जो माणूस चहात साखर किती यावरून अर्धा तास वाद घालतो तो म्हणाला, “बरं.”

ते ‘बरं’ मला सहन झालं नाही.

गुरुवारी साडूभाऊ आले नाहीत. कुणाच्या तरी लग्नाला जातोय असा निरोप होता. मला बायकोकडून कळलं होतं की ताई त्यांना डॉक्टरकडे नेतायत. शेडमध्ये मी आणि फिटर. फिटर पलीकडे ब्रेकचे दांडे साफ करत होता. आणि माझ्या मनात आलं, हात तर माझा स्थिर आहे! देवाने मला दुसरं काही दिलं नसेल, पण हा हात दिलाय. ही एक बाजू मी ओढून टाकतो. साडूभाऊ उद्या येतील, बघतील, मला चार शिव्या देतील, बाईंना सांगू त्यांनीच ओढली. चिकटपट्टी जाईल कपाटात, आणि त्यांचा मान राहील त्यांच्यापाशी.

दुसऱ्याचं झाकायला निघालेला माणूस डोळ्यावर पट्टी बांधूनच निघतो. मीही तसाच निघालो.

डब्याच्या मधोमध खिडकीच्या चौकटीखाली चार बोटं मोजली आणि खूण केली. तिथून दोन्ही टोकांपर्यंत दोरा ताणला, पाणसळ लावून बुडबुडा मध्यावर आणला, पुन्हा तपासला. दोऱ्याच्या वर-खाली कागदी पट्ट्या चिकटवल्या आणि मधल्या फटीत साडूभाऊंच्या डबीतला सोनेरी रंग भरत गेलो. टोकाकडे रेघ खिडकीच्या जरा फारच जवळ गेल्यासारखी वाटली. पण म्हटलं, डोळा फसेल, पाणसळ फसत नाही. चार तासांनी पट्ट्या सोलून काढल्या. अठ्ठावन्न फूट, आणि कुठे केसाएवढा बाक नाही. नाकापासून वीतभर अंतरावरून मी ती सगळी रेघ चालत चालत पाहिली आणि मनात देवाला नमस्कार केला.

शुक्रवारी साडूभाऊ आले. त्यांची एक सवय आहे. मी कामाला आधी हात लावतो, ते आधी लांब जातात. शेडच्या पार दुसऱ्या भिंतीपाशी जाऊन, वीसेक पावलांवरून त्यांनी डबा पाहिला. बराच वेळ पाहिला. उजवा हात खिशात.

“कुणी केलं?”

“कुणी म्हणजे? तुम्ही नाही का परवा...”

“साडूभाऊ, खोटं बोलताना तुमचे कान हलतात.”

मी कानाला हात लावून पाहिला.

“बायकोने सांगितलं?”

“नवऱ्याला सांगितलेलं धरत नाहीत म्हणे.”

त्यांनी एक सुस्कारा सोडला. “इकडे या. तिथून काय दिसणार तुम्हाला, नाक घासून बघितल्यावर? या, माझ्या शेजारी उभे राहा. आता बघा.”

मी बघितलं. तीन वर्षं ज्या डब्याला आम्ही तरणाबांड केला होता तो म्हातारा होऊन उभा होता. पाठीत वाकलेला. मध्ये फुगीर, दोन्ही टोकं खाली गळालेली.

“कुबड आणलंत हो गाडीला,” साडूभाऊ हळूच म्हणाले.

“पण रेघ सरळ आहे!”

“तीच तर पंचाईत आहे. गाडी कुठे सरळ आहे? चाकं आतल्या बाजूला, टोकं अधांतरी. शंभर वर्षांत टोकं झुकतातच, तुम्ही कितीही फळ्या बदला. आजवर कुणाला दिसलं नाही, कारण शेजारी सरळ काही नव्हतं. वाकलेल्या माणसाशेजारी काठी उभी केलीत तुम्ही.”

“मग काय, खिडकीला धरून ओढायची?”

“मग तर दोनदा वाकलेली दिसेल. थोडं गाडीचं ऐकायचं, थोडं जमिनीचं. मधूनमधून दोघांनाही फसवायचं. ते पाणसळीला जमत नाही.”

एवढ्यात बाई आल्या. त्यांनी रेघ पाहिली, जवळ जाऊन बोट टेकवलं, बोटाला सोनं लागलं. तो रंग सावकाश वाळणारा असतो. मग आमच्यापाशी येऊन त्यांनीही लांबून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा बदलला.

“हे तुमच्या साडूंचं काम नाही. कोणाचं आहे?”

“माझं,” मी म्हणालो.

“तुमचं? इथे न विचारता कुणी खिळासुद्धा ठोकत नाही, हे तुम्हीच नव्या माणसांना सांगता ना? शंभर वर्षांच्या डब्यावर तुम्ही मनाला येईल ते रंगवलंत?” त्या ओरडत नाहीत. त्या हळू बोलतात, ते जास्त लागतं. “या डब्याचं काम तुमच्यापुरतं संपलं. आजपासून दुसऱ्या डब्यावर जा.”

बरोबर होतं त्यांचं. मी मान खाली घातली. तोंड उघडलं असतं तर साडूभाऊंचं गुपित बाहेर पडलं असतं, म्हणून मिटून ठेवलं.

“मीच सांगितलं त्यांना,” साडूभाऊ म्हणाले.

“तुम्ही?”

“मीच. हे बघा ना.”

त्यांनी खिशातून उजवा हात काढला आणि बाईंसमोर धरला. अंगठा आणि तर्जनी जपमाळ ओढत असल्यासारखी एकमेकांवर फिरत होती, आणि अख्खा पंजा थरथरत होता. अठ्ठावीस वर्षांत त्या हाताने सोडलेला एक थेंब मी जमिनीवर पाहिला नव्हता. फिटर पलीकडून उठून उभा राहिला. या माणसाने सहा महिने बायकोवाचून कुणाला कळू दिलं नव्हतं, आणि मला ओरडा बसला म्हणून सगळ्या शेडसमोर हात उघडा केला.

बाईंनी रुमाल काढून आपलं सोनेरी बोट पुसलं, फार वेळ पुसलं.

“कुबड तुम्हाला आल्या आल्या दिसलं?” त्यांनी विचारलं.

“दारातूनच.”

“मला तुमच्या शेजारी उभं राहिल्यावर दिसलं. चिकटपट्टी लावणारा माणूसही दोराच ताणेल.” त्यांनी घड्याळ पाहिलं. “आजचा दिवस आहे. कुणी ओढायची ते तुम्ही ठरवा. कुठून ओढायची ते मात्र तुम्हीच सांगा. आणि सुतारबुवा, टर्पेंटाइन आणि फडकं घ्या. जे केलंय ते पुसा.”

मी माझी रेघ पुसली. चार तासांचं काम अर्ध्या तासात फडक्यावर आलं. साडूभाऊ भिंतीपाशी खुर्ची टाकून बसले आणि मी खडू घेऊन डब्यापाशी. दर तीन फुटांवर मी खडूचं टोक टेकवायचं आणि ते तिकडून बोलायचे.

“वर. अजून. केसभर. अहो, केस म्हटलं मी, दोरखंड नाही. खाली. बस.”

“इथे तर खिडकीपासून साडेतीन बोटं होतात!”

“बोटं मोजू नका. तुमची बोटं आणि तुमची अक्कल, दोन्ही जाड आहेत.”

जेवणाच्या सुट्टीपर्यंत खुणा झाल्या. मी भिंतीपाशी जाऊन पाहिलं. वीस खुणा, एकीची दुसरीशी उंची जुळत नव्हती, आणि लांबून त्यांच्यातून जाणारी न ओढलेली रेघ सरळ दिसत होती. डब्याची पाठ ताठ झाली होती.

मग साडूभाऊंनी पेटी उघडली. त्यातून तो ब्रश काढला, बोटभर लांब केसांचा, मूठ हाताने घासून काळी पडलेली, आणि माझ्यासमोर धरला. म्हणजे डाव्या हाताने धरला.

“घ्या. तुमचा हात स्थिर आहे.”

असं काही देताना माणसाने थोडं तरी भांडावं. ते भांडले नाहीत. मी ब्रश घेतला, रंगात बुडवला, पहिल्या खुणेला टेकवला आणि खुणेवर शेंगदाण्याएवढा गोळा झाला.

“अहो, ती हातोडी नाही! दाबताय कशाला?”

“मग काय करू?”

“टेकवायचा आणि निघायचं. मनगट नाही, खांदा चालवायचा. खांदाही नाही, पाय. रेघ चालत ओढतात. असं.”

त्यांनी रागाने माझ्या हातून ब्रश हिसकावला, उजव्याच हाताने, आणि लाकडापासून वीतभर अंतरावर हवेतच रेघ ओढत चार पावलं चालून दाखवली. “असं. कळलं?”

मी त्यांच्या तोंडाकडे बघतच नव्हतो.

“साडूभाऊ, हात.”

“काय हात?”

ते थांबले. थांबल्याबरोबर हात कापायला लागला. ब्रशाचं टोक वाऱ्यात सापडल्यासारखं हलू लागलं.

“चाला बरं परत.”

ते चालले. हात सरळ त्यांच्याबरोबर गेला. अगदी पूर्वीसारखा नव्हे, पण गेला. फिटर म्हणाला, “आयला.” साडूभाऊंनी पुन्हा थांबून पाहिलं, पुन्हा चालून पाहिलं, दोन-तीनदा. नव्याने उभं राहायला शिकलेल्या पोरासारखे.

“काल तो डॉक्टर असंच काहीतरी सांगत होता,” ते पुटपुटले. “स्वस्थ असताना कापतो, कामात कमी. मी ऐकलंच नाही. मला वाटलं, समजूत घालतोय. मी सहा महिने नुसता ब्रश धरून लाकडापुढे उभाच राहत होतो हो. हात स्थिर झाला की ओढू म्हणून वाट बघत.”

आता अडचण उरली ती टेकवण्याची. ब्रशात चार-पाच फुटांपुरताच रंग मावतो. दर वेळी थांबायचं, बुडवायचं, पुन्हा टेकवायचं, आणि टेकवतानाच हात घात करणार. मी त्यांच्या मनगटाखाली माझा पंजा धरला.

“टेकवेपर्यंत मी धरतो. निघालात की सोडतो.”

“लोक काय म्हणतील?”

“म्हणतील, साडू साडूचा हात धरून चाललेत. बाहेर कुणी विश्वास ठेवणार नाही.”

पहिल्या खुणेला त्यांचं मनगट माझ्या हातात होतं. आत चिमणी धरल्यासारखं फडफडत होतं. केस लाकडाला टेकले, ते निघाले, मी हात सोडला. सोनं सुटलं. एक खूण, दुसरी खूण. ते श्वास धरून मागे मागे चालत होते, मी वाटी घेऊन त्यांच्यापुढे, पायात काही येऊ नये म्हणून फिटर मागचा रस्ता मोकळा करत. रंग संपला की थांबा. बुडवा. धरा. सोडा. प्रत्येक टेकवणीला रेघ किंचित जाड झाली, ती जवळून दिसते. तिसऱ्या खणापाशी एकदा हात सुटला आणि रेघेला एक बारीकसं पोक आलं. मी फडकं पुढे केलं.

“राहू द्या,” ते म्हणाले. “पुसायला थांबलो तर परत सुरू करायची छाती होणार नाही.”

बाई केव्हा येऊन उभ्या राहिल्या आम्हाला कळलं नाही. पाचवा खण आला. नामस्मरणात बसलेल्या माणसांसारखं सगळ्यांचं चित्त ब्रशाच्या टोकावर. सहाव्या खणाचं दार आलं, त्याची बिजागरी आली, शेवटची फळी आली. कोपऱ्याच्या खांबापाशी रेघ पोचली आणि डबा संपला.

साडूभाऊ थांबले नाहीत. कोपरा ओलांडून, हात तसाच समोर धरून, रिकाम्या हवेत रेघ ओढत ते मागे मागे चाललेच.

“साडूभाऊ, डबा संपला!” मी म्हणालो.

“माहितीय हो मला.” त्यांचा आवाज ओला झाला होता, हात मात्र सरळ चालत होता. “शेडला वळसा घालून असाच पलीकडच्या बाजूला जातो. तुम्ही तोवर खडू घेऊन पुढे व्हा.”